बर्फ पडल्यावर सांगेन

फिलोमीन आजीनं मार्चमध्ये टॅनिसची तंबाखू घेतली, आणि जुलैमध्ये शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं की आजीचं हृदय थकलं आहे; पानं पिवळी पडलेली बघेल, गळलेली बघेल की नाही, सांगता येत नाही.

आमच्याकडे कुणाकडून काही शिकायचं असेल तर लाल फडक्यात चिमूटभर तंबाखू बांधून त्याच्यापुढे धरतात. समोरच्यानं हात मांडीवरच ठेवले तर विषय संपला, चहा पिऊन घरी जायचं. पण त्यानं ती घेतली तर शब्द दिला. मग त्यातून सुटका नाही. म्हणून डॉक्टरच्या खोलीतून बाहेर पडल्या पडल्या व्हर्नानं, आजीच्या धाकट्या बहिणीनं, पहिलं तेच विचारलं.

"तू त्या पोरीची तंबाखू घेतलीयस ना?"

"घेतलीय."

"मग मरायचं कसं ठरवलंस?"

"मी कुठं ठरवलं? त्यानं ठरवलं," आजी म्हणाली, आणि डॉक्टरच्या बंद दाराकडे ओठांनी खूण केली.

टॅनिसनं जे मागितलं होतं ते म्हणजे लांब गोष्टीचा सातवा भाग. लांब गोष्टीला दुसरं नाव नाही. कागागी तळ्याच्या काठावरच्या आमच्या वस्तीत ती पूर्वी चार-पाच म्हाताऱ्यांना येत होती. ते एकेक करून गेले, आणि शेवटी सबंध गोष्ट एकट्या फिलोमीन आजीकडे उरली. तिचे सात भाग. एका हिवाळ्यात एकच भाग शिकवायचा. आजी तो आधी सांगणार, मग शिकणाऱ्यानं परत सांगायचा, चुकला की पुन्हा, असं वसंतापर्यंत. टॅनिस शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. चौतीस वर्षांची, नवरा नाही, एक म्हातारं कुत्रं आहे. तिनं सात हिवाळे आजीच्या चुलीपाशी काढले होते. आणि तरी तिला भाग येत होते सहाच. तो एक हिवाळा कुठं गेला, ते पुढं सांगते.

आता जुलै होता, मग घाई करून उन्हाळ्यातच सांगून टाकायचं, असं कुणी म्हणेल. पण या गोष्टी जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या असतात. उन्हाळ्यात गोष्टीतले सगळे जण जागे असतात. बेडूक, साप, पाण्याखालचे, झाडांमधले. ज्यांच्याबद्दल बोलायचं ते गाढ झोपलेले असताना बोलावं, ही साधी रीतभात आहे, असं आजी म्हणायची. व्हर्ना त्यावर म्हणायची, "म्हणून तर मी तुझ्याबद्दल तू झोपल्यावर बोलते." जो उन्हाळ्यात गोष्ट सांगतो त्याच्या अंथरुणात बेडूक येऊन बसतो, हे तर इथल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे.

*

आजी शाळेत यायची तेव्हा तिच्यासाठी चौथीच्या वर्गात खिडकीजवळ एक खुर्ची ठेवलेली असायची. ती जाळं विणायला शिकवायची, सशाचे फास लावायला, मूस हरणाचं कातडं खरवडायला, तळ्यातला देवभात भाजायला. शिकवायची म्हणजे बोलायची फार कमी. पोरानं गाठ चुकीची मारली की ती दोरी हातात घ्यायची, गाठ सोडायची आणि दोरी परत द्यायची. चुकलं असंही नाही म्हणायची. मी त्या वर्गात होते तेव्हा माझी एकच गाठ तिनं अकरा वेळा सोडली. बाराव्या वेळी दोरी हातात घेतली, बघितली, आणि शेजारच्या पोराकडे वळली. तेवढंच. माझ्या आयुष्यात त्याहून मोठी शाबासकी मला कुणी दिली नाही.

आता टॅनिसचा हरवलेला हिवाळा. दुसरा भाग शिकून झाला होता, मे महिना लागला होता, आणि वर्गातली पोरं तिच्या मागं लागली की बाई, आजीनं तुम्हाला काय सांगितलं ते आम्हाला सांगा. खिडक्या उघड्या होत्या. टॅनिसनं मनाशी म्हटलं, सगळी नाही, थोडीशीच. तिनं अस्वलाचा प्रसंग सांगितला, पोरं हसून लोळली, तीही खूश झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टेबलाच्या खणात बेडूक निघाला. आता तो पोरांनीच ठेवला होता की स्वतः आला होता, यावर वस्तीत आजही दोन पक्ष आहेत. माझा भाऊ दुसऱ्या पक्षात आहे, आणि बेडूक ठेवला होता त्यानंच.

आजी रागावली नाही. हिवाळा आला, टॅनिस तंबाखू घेऊन गेली, आजीनं ती घेतली, आणि तो सबंध हिवाळा तिला सशाचे फास लावायला शिकवले. रोज पहाटे, उणे तीस अंशांत. गोष्टीचं नाव नाही. मार्च संपताना टॅनिसला कळलं की हिनं माझी गाठ सोडलीय.

तेव्हा ते शिक्षण तिनं मुकाट्यानं घेतलं होतं. पण त्या जुलैमध्ये, डॉक्टरकडून गाडी परत आल्यावर, ती माझ्या आईच्या स्वयंपाकघरात बसून पालथ्या हातानं डोळे पुसत होती. तो एक हिवाळा वाया घालवला नसता तर सातवा भाग मागच्याच हिवाळ्यात मिळाला असता. आता आजी जाईल आणि लांब गोष्ट शेवटाशिवाय राहील, तीही माझ्या बडबडीमुळं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आईनं तिच्यापुढे चहा ठेवला आणि टिनचं दूध ओतलं. टॅनिस म्हणत होती ते खरंच होतं.

*

ऑगस्टमध्ये टॅनिस फोन घेऊन आजीकडे गेली. तिनं फार विचार करून शब्द जुळवले होते. आजी, तू मला सांगू नकोस, फोनमध्ये सांग. मी बाहेर अंगणात थांबते, ऐकणार नाही. बर्फ पडल्यावरच उघडीन.

आजी बेरी निवडत होती. तिनं फोन हातात घेतला, उलटा करून बघितला.

"याला हिवाळा कळतो?"

"मला कळतो की."

"तुला कळतो. तुझ्यानंतर हा ज्याच्या हातात जाईल त्याला?" तिनं फोन बेरीच्या पातेल्याशेजारी ठेवला. "जुलैमध्ये कुणीतरी मासे तळत असेल आणि बटण दाबेल. मी मेलेली, माझं तोंड कोण धरणार?"

टॅनिस म्हणाली की तुझ्याबरोबरच ती संपून गेली तर काय. आजीनं बेरीचं पातेलं तिच्याकडे सरकवलं. मग म्हणाली की तंबाखू मी घेतलीय, काळजी मी करायची आहे, तू पानं काढ यातली.

ती काळजी करत होती, हे व्हर्नाला ठाऊक होतं. ती तंबाखूची लाल पुरचुंडी आजीनं खिडकीत ठेवली होती, आणि रोज सकाळी उठून ती आधी पुरचुंडीकडे बघायची, मग तळ्याकडे. व्हर्ना म्हणायची की नवऱ्याकडे कधी इतकं बघितलं नाहीस.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डेल्बर्टनं कारभार हातात घेतला. डेल्बर्ट आजीच्या भावाचा मुलगा, पन्नाशीचा, बर्फावरच्या हॉकीच्या रिंकवर बर्फ घासायचं यंत्र चालवतो. सामन्याच्या मध्यंतरी तो त्या यंत्रावर असा बसतो की जणू राज्याभिषेकाला निघालाय. रिंक ऑगस्टअखेर सुरू होतं, आणि खरवडलेला बर्फ तो इमारतीच्या मागं नेऊन ओततो. तिथं भर उन्हात एक मळकट पांढरा ढीग पडलेला असतो, पोरं त्यात लोळतात. त्या ढिगाकडे बघता बघता डेल्बर्टच्या डोक्यात उजेड पडला.

शनिवारी दुपारी त्याचं पिकअप आजीच्या दारात उभं राहिलं. एक खेप, दोन खेपा, चार खेपा. फावड्यानं ओढून त्यानं आजीच्या खिडकीपासून पायरीपर्यंत बर्फ पसरला. चांगला घोट्याइतका. त्यात निळी-लाल रेघ उमटलेली, कुणाच्या तरी बुटाची नाडी, आणि एक दात. हॉकीचंच रिंक ते. अख्खी वस्ती जमली. व्हर्नानं घरातून खुर्ची आणवून बैठक जमवली. टॅनिस मागं उभी होती, हसत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की कोण जाणे, हाही बर्फ चालेल.

डेल्बर्टनं टोपी काढली, तंबाखू पुढं केली.

"आत्या, बर्फ पडलाय."

आजी दारात आली. वॉकरवर रेलून तिनं बर्फाकडे बघितलं. मग आभाळाकडे. मग पायरीखालच्या गवताकडे, जिथून त्याच वेळी एक बेडूक उडी मारून बर्फावर आला, दोन क्षण बसला, आणि पाय भाजल्यासारखा परत गवतात गेला.

"त्याला विचारलंस?" आजी म्हणाली.

लोक इतके हसले की पलीकडच्या काठावरून कुत्री भुंकायला लागली. आजीही हसली, मग खोकली, मग व्हर्नानं तिला खुर्चीत बसवलं. तिचे हात मांडीवरच राहिले. डेल्बर्टनं तंबाखू खिशात घातली आणि फावडं उचललं. त्याचा चेहरा इतका पडला होता की आजीनं त्याला थांबवलं. बस म्हणाली. टॅनिसलाही बोलावलं. बाकीच्यांना जा म्हणाली नाही, म्हणून आम्ही कुणी गेलो नाही.

"उन्हाळ्यात न सांगता काय करतात ते सांगते," ती म्हणाली. "ही गोष्ट नव्हे. हे झालेलं आहे. हे बेडकानं ऐकलं तरी चालेल."

*

ती सात वर्षांची असताना तिला सरकारी निवासी शाळेत नेलं. ऑगस्टअखेर पाण्यावर उतरणारं विमान यायचं, पोरं भरायचं आणि जायचं. जूनअखेर परत आणून सोडायचं. तिकडे आपली भाषा तोंडातून निघाली की साबणाचं पाणी. या भागाबद्दल ती याहून जास्त कधीच बोलली नाही, त्या दिवशीही नाही.

तिचे आजोबा म्हणजे मूनियस म्हातारा. लांब गोष्ट त्यांच्याकडे होती, आणि त्यांना ती नातीला द्यायची होती. बाकीच्या नातवंडांमध्ये त्यांना तसे कान दिसले नव्हते. पण नात घरी असायची ती फक्त उन्हाळ्यात. दोन महिने. तिला काठावर बसवून आजोबा जाळी दुरुस्त करायचे, ती म्हणायची आजोबा गोष्ट, आणि ते म्हणायचे बर्फ पडल्यावर सांगेन. बर्फ पडायचा तेव्हा ती तीनशे मैलांवर रांगेत उभी असायची.

असे तीन उन्हाळे गेले. वस्तीतले लोक म्हणायला लागले, मूनियस, आता दिवस बदलले, सांगून टाक. बेडूक काय करणार? तुझी नात तुझ्या बेडकांसाठी रिकामी राहणार का? म्हातारा ऐकून घ्यायचा.

"चौथ्या वर्षी," आजी म्हणाली, "विमान यायच्या चार दिवस आधी त्यांनी मला पहाटे उठवलं. होडीत पीठ होतं, चहा होता, जाळी होती. आम्ही नदीनं वर गेलो. नऊ दिवस. त्यांच्या सापळ्यांच्या वाटेवर, शेवटची झोपडी. विमान आलं, पोलीस आला, मूनियस कुठाय? कुणाला माहीत. आणि मग आम्ही दोघं तिथं बसून बर्फाची वाट बघितली."

त्या हिवाळ्यात आजोबांनी तिला सातही भाग दिले. एका हिवाळ्यात सात, ही मोडतोडच होती, पण दुसरा हिवाळा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. जूनमध्ये दोघं खाली आले तेव्हा आजोबांना तीस दिवस तुरुंगात ठेवलं, आणि ऑगस्टमध्ये तिला पुन्हा नेलं. त्यानंतर शाळेत दर हिवाळ्यात, बाहेर बर्फ पडला आहे याची खिडकीतून खात्री करून, ती पांघरुणात शिरून मनातल्या मनात गोष्ट म्हणायची. एकेक भाग. ओठ न हलवता. बर्फ वितळला की बंद. शाळा सुटली, ती शहरातल्या इस्पितळात चादरी धुवायला लागली, लग्न झालं, चार पोरं झाली, दोन गेली, नवरा गेला, ती तळ्यावर परत आली. त्यातला एकही हिवाळा तिनं चुकवला नाही.

"आजोबांनी तेव्हा गोष्ट उन्हाळ्यात ओढली असती, तर सोपं होतं," ती म्हणाली. "त्यांनी गोष्टीला हात लावला नाही. मला उचललं."

मग तिनं डेल्बर्टकडे बघितलं आणि म्हणाली की आता हे सगळं उचल, माझ्या फुलझाडांवर दात नको.

*

टॅनिसला ते त्याच संध्याकाळी उमगलं, पण बोलायला तिनं दोन दिवस घेतले. मग ती व्हर्नाकडे गेली. व्हर्नाची मुलगी ऑड्री उत्तरेला, उपसागराच्या किनाऱ्यावरच्या क्री लोकांमध्ये दिलेली आहे. टॅनिसनं विचारलं की ऑड्रीकडे बर्फ कधी पडतो. व्हर्नानं पत्ते खाली ठेवले.

"ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. का गं?" आणि मग तिला स्वतःलाच कळलं.

दवाखान्यातल्या नर्सनं हात कपाळाला लावला. विमान, थंडी, हे हृदय. तिनं आजीला खुर्चीजवळ बसून समजावलं की तिथं काही झालं तर आम्ही तुला वेळेवर आणू शकणार नाही. आजी म्हणाली, इथं काही झालं तर तुम्ही मला वेळेवर कुठं नेणार आहात? नर्सनं यावर कागद पुढं केला, आजीनं सही केली.

सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी धक्क्यावर विमान डुलत होतं. डेल्बर्टनं आत्याला कडेवर घेतलं, होय, कडेवरच, वजन तेवढंच उरलं होतं, आणि आत बसवलं. व्हर्ना मागं, टॅनिस तिच्या बाजूला, मांडीवर बॅनक रोटीची पुरचुंडी आणि मूसचं सुकं मांस. तो वैमानिक म्हणे विचारत होता की एवढ्या लांब काय काम. व्हर्नानं सांगितलं, हिला एक निरोप द्यायचाय. फोन नाही का करता येत, असं त्यानं विचारलं. करून बघितला, व्हर्ना म्हणाली.

तिकडे गेल्यावर पाऊस लागला. रोज पाऊस. ऑड्रीच्या घराच्या खिडकीतून राखाडी चिखल आणि त्यापलीकडे राखाडी समुद्र दिसायचा. आजी खाटेवर, पायाशी गरम विटा. पाचव्या दिवशी तिच्या पायांना सूज चढली. सहाव्या दिवशी तिला उठून बसता येईना. टॅनिस तिच्या उशाशी बसून असायची, आणि तिनं मला नंतर सांगितलं की त्या दिवशी तिच्या मनात आलं होतं, आता म्हणावं, आजी, पुरे, सांगून टाक, मी बेडकांचं काय ते बघीन. शब्द ओठांपर्यंत आले. तेवढ्यात आजीनं डोळे न उघडता विचारलं की चुलीत लाकूड आहे का. टॅनिस उठून लाकूड घालून आली, आणि परत येईपर्यंत तो क्षण गेला होता.

सातव्या दिवशी दुपारी ऑड्रीचा नवरा आत आला आणि दारातच बूट झटकले. त्याच्या खांद्यांवर पांढरं होतं.

आजीनं खाट खिडकीशी ओढायला लावली. बर्फ बारीक होता, वाऱ्याबरोबर तिरका. पडत होता तसा वितळत होता. तिनं वाट बघितली. चार वाजले. कुंपणाच्या खांबांवर टोप्या चढल्या, मग वाटेवर, मग चिखल दिसेनासा झाला. तिनं व्हर्नाला बाहेर पाठवलं. जा, ऐकून ये. व्हर्ना अंगणात जाऊन उभी राहिली, स्वेटरनं डोकं झाकून, बराच वेळ. आत येऊन म्हणाली, "चिडीचूप. मलाच झोप यायला लागली."

मग आजीनं टॅनिसला सांगितलं, "माझ्या पाठीशी उशी दे."

सातवा भाग इथं लिहीत नाही. मला तो येत नाही, आणि येत असता तरी हे पान तुम्ही कोणत्या महिन्यात वाचणार याचा भरवसा नाही. एवढं सांगते की तो दिवे लागायच्या आधी सुरू झाला आणि रात्रीच्या जेवणापर्यंत संपला, मध्ये आजी दोनदा पाणी प्यायली, आणि व्हर्ना, जी म्हणत होती की मी यातलं काही ऐकत नाही, भाजी चिरते, तिचा एकच बटाटा तासभर हातात होता.

*

तिथंच संपायला हवं होतं, नाही का? तंबाखूची परतफेड झाली होती. आजीनं येताना आणलेली तंबाखूची लाल पुरचुंडी चुलीत टाकली, धूर वर गेला. सगळ्यांनी मनाची तयारी केली.

आणि आजी बरी झाली. म्हणजे बरी नाही, पण सूज उतरली, खायला लागली, आणि आठ दिवसांत परत आमच्या तळ्यावर. नोव्हेंबरमध्ये इथं बर्फ पडला. आजी खिडकीत बसून त्याच्याकडे बघत होती.

"एवढं उडवत नेलंत मला," ती डेल्बर्टला म्हणाली, "हा इथंच येणार होता की."

डेल्बर्ट म्हणाला की आत्या, तू नोव्हेंबरपर्यंत येणार आहेस की नाही ते कळत नव्हतं.

तो हिवाळा टॅनिसनं गोष्ट परत सांगण्यात घालवला. आता सातही भाग, पहिल्यापासून, कारण आजीला सबंध ऐकायची होती. शाळा सुटली की टॅनिस यायची, बूट काढायची, चुलीत लाकूड घालायची आणि सुरू करायची. चुकली की आजी बोट उचलायची. टॅनिस मागं जायची, पुन्हा यायची. पहिल्या भागात बोट फार उचललं गेलं. तिसऱ्यात कमी. पाचव्यात एकदा. सहावा संपेपर्यंत एप्रिल निम्मा गेला होता, आजीचा आवाज बारीक झाला होता आणि ती दिवसातला बराच वेळ झोपून असायची. सातवा टॅनिसनं तिच्याकडून एकदाच ऐकला होता, उत्तरेला, त्या एका संध्याकाळी. तोच खरा तपासून घ्यायचा होता.

तिनं तो एका मंगळवारी सुरू केला. बर्फ गेला होता बहुतेक. वाटा चिखलाच्या, छपराखाली टिपटिप. पण लाकडांच्या खोपटामागं, जिथं ऊन पोचत नाही, एक ढीग होता अजून, गुडघ्याइतका. पहिल्या दिवशी तिनं निम्मा भाग सांगितला. बोट एकदाही वर आलं नाही. आजी दमली, उद्या ये म्हणाली.

बुधवारी टॅनिस आली तेव्हा दार उघडं होतं. वारा ऊबदार होता. व्हर्ना पायरीवर बसून बटाटे सोलत होती. टॅनिसनं बूट काढले, लाकूड घातलं, आजीजवळ बसली. तोंड उघडलं. आणि बाहेर, तळ्याच्या काठच्या लव्हाळ्यात, एक आवाज झाला. कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तसा. मग दुसरा. मग थांबला.

टॅनिसनं तोंड मिटलं.

आजीचे डोळे मिटलेलेच होते. "सांग ना. अर्ध्यावर आलीस."

"बेडूक उठलेत, आजी."

"खोपटामागं बर्फ आहे अजून. मी सकाळी व्हर्नाला बघायला लावलं."

पायरीवरचं बटाटे सोलणं थांबलं. टॅनिस सांगते की त्या वेळी तिला सगळं ऐकू येत होतं, चुलीतलं लाकूड, छपराचं पाणी, आजीचा श्वास, दोन श्वासांमधलं अंतर. आजीला पुढचा हिवाळा नव्हता, हे तिथल्या तिघींनाही माहीत होतं. गोष्टीचा शेवट आता कुणीच तपासणार नव्हतं. तो बरोबर आहे की चूक, हे टॅनिसला मरेपर्यंत कळणार नव्हतं.

"तो ढीग डेल्बर्टच्या ढिगासारखा आहे, आजी," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."

आजीनं डोळे उघडले. तिच्या पांघरुणावर नेहमीसारखा गाठ मारलेला दोरीचा एक तुकडा पडला होता, हात रिकामे नकोत म्हणून. तिनं तो उचलला, बघितला, आणि खाली ठेवला. मग व्हर्नाला हाक मारून म्हणाली की बाई दमून आलीय शाळेतून, तिला चहा दे, दूध जास्त घाल.

चहा झाला. तिघी बिंगोबद्दल बोलल्या, रेडिओवरचा बिंगो कसा फिक्स असतो याबद्दल. टॅनिस निघाली तेव्हा आजी म्हणाली की उद्या ये, आता जाळी काढायचे दिवस आले, तुझं जाळं फाटलंय मागच्या वर्षीचं. ती दुसऱ्या दिवशी गेली, आणि त्यानंतरही रोज. गोष्टीचा शब्द कुणी काढला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आजी गेली. सकाळी, झोपेत. आमच्या रीतीप्रमाणे चार दिवस तिच्यासाठी आग पेटती ठेवली, आळीपाळीनं सगळे तिथं बसलो. त्या वर्षी काठावर बेडूक इतके होते की आगीपाशी बसलेल्यांना एकमेकांशी मोठ्यानं बोलावं लागत होतं. डेल्बर्ट वैतागला. दगड मारू का, म्हणाला.

"राहू दे रे," व्हर्ना म्हणाली. "ऐंशी वर्षं वाट बघितली बिचाऱ्यांनी. एक शब्द ऐकू दिला नाही हिनं."